पशुवैद्य शोधावा तो प्राणी ठणठणीत असताना

आमचा बोका त्या रात्री नऊनंतर तिसऱ्यांदा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसला, तेव्हा मला वाटलं, पोट साफ होत नसेल. पाठ वाकवून बसायचा, जोर करायचा, बाहेर येऊन शेपटीखाली चाटत राहायचा आणि पुन्हा आत. साडेदहाला तो ओरडला. नेहमीचं म्यांव नव्हे, घशाच्या तळातून आलेला लांबलचक आवाज. दोन वर्षं ज्या दवाखान्यात त्याच्या लसी होत होत्या तिथे फोन लावला, तर रिंग वाजतच राहिली. रात्री काही झालं तर कुठे जायचं, हे मी तिथे कधी विचारलंच नव्हतं. मग ओळखीच्या लोकांना फोन, कुणाचा बंद, कुणी म्हणालं सकाळपर्यंत वाट बघा. त्यात दीड तास गेला. शेवटी जिथे पोचलो तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच म्हणाल्या, "लघवी तुंबली आहे. मूत्राशय बघा किती टणक लागतंय." माझाही हात त्यांनी तिथे हलकेच टेकवला. खरंच, दगड ठेवल्यासारखं लागत होतं.

बोका वाचला. पण लघवी पूर्ण तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो, हे मला त्या टेबलाशेजारी उभं राहून कळलं. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की डॉक्टर शोधायचं काम प्राणी धडधाकट असताना करा. घाबरलेला माणूस निवड करत नाही, जो दरवाजा उघडा सापडेल तिथे शिरतो. आणि शोधताना एकाच गोष्टीवर नजर ठेवा: हा डॉक्टर माझ्या प्राण्याला हात लावून नीट तपासतो का? प्राण्याला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. डॉक्टरचा हात आणि तुमचं निरीक्षण, या दोनच गोष्टी त्याच्या वतीने बोलतात.

आधी आपली गरज ओळखा

आपल्याकडे कोणता प्राणी आहे, त्याचं वय काय, त्याच्या जातीला कोणते आजार होतात, हे कागदावर लिहा. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वासाचा त्रास असतो, त्यामुळे त्यांना भूल देताना जास्त सांभाळावं लागतं. अरुंद, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. अशा वेळी हातात काही तासच असतात, म्हणून रात्री शस्त्रक्रिया करणारं ठिकाण जवळ असणं त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाचं. म्हाताऱ्या प्राण्याला वरचेवर न्यावं लागतं. त्याच्यासाठी तासाभराच्या अंतरावरच्या नावाजलेल्या डॉक्टरपेक्षा दहा मिनिटांवरचा काळजीपूर्वक बघणारा डॉक्टर बरा.

पशुवैद्यक शिकवणारी जगातली पहिली शाळा १७६१ साली फ्रान्समधल्या लियाँ इथे क्लोद बूर्जला यांनी स्थापन केली. ते घोड्यांचे जाणकार होते, आणि त्या काळातली मोठी चिंता होती गुराढोरांच्या साथींची. म्हणजे हे शास्त्र उभं राहिलं तेच मुळी गोठ्यात आणि तबेल्यात. आजही पदवी एकच असली तरी रोजचा हात कशावर बसलाय हे डॉक्टरगणिक वेगळं असतं. गाईची अडलेली वेण सहज सोडवणाऱ्या निष्णात डॉक्टरने वर्षभरात चारच मांजरं पाहिलेली असू शकतात. यात कुणाचा कमीपणा नाही. तुम्ही मात्र सरळ विचारा: "तुमच्याकडे आठवड्याला साधारण किती मांजरं येतात?"

नावं कुठून मिळवायची

आपल्यासारखाच प्राणी बरीच वर्षं सांभाळलेल्या माणसांना विचारा. त्याहून उपयोगी माणसं म्हणजे भटक्या आणि जखमी प्राण्यांना वाचवणारे स्वयंसेवक. कोणता डॉक्टर मध्यरात्री फोन उचलतो, कुणाचे टाके पिकत नाहीत, हे त्यांना पाठ असतं. पिल्लू विकणाऱ्याने सुचवलेलं नाव जरा बाजूला ठेवा. त्याचे आणि तुमचे हितसंबंध नेहमी एक असतीलच असं नाही.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. "डॉक्टर चांगले आहेत का?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "तुमच्या कुत्र्याचं शेवटचं मोठं दुखणं कोणतं होतं? तेव्हा डॉक्टरांनी नेमकं काय केलं?" लोक मग सविस्तर सांगतात आणि त्या सांगण्यातच डॉक्टर दिसतो. "दोनदा तपासलं, समजत नाही म्हणाले आणि स्वतः फोन करून दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं," असं कुणी सांगितलं तर ते नाव वर घ्या. समजत नाही हे ज्याला कबूल करता येतं, त्याच्या निदानावर माझा जास्त विश्वास बसतो.

ऑनलाइन अभिप्राय वाचताना तारे मोजू नका, मजकूर वाचा. प्राणी गेल्यावर दुःखात लिहिलेला एखादा संतप्त अभिप्राय बहुतेक चांगल्या दवाखान्यांच्या वाट्यालाही येतो. पण "काय दिलं ते सांगितलंच नाही", "फोन उचलत नाहीत" अशी एकच तक्रार वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केली असेल तर ती खरी धरा.

तीन-चार नावं हाती आली की प्रत्येकाची पदवी आणि तुम्ही राहता तिथल्या पशुवैद्यक परिषदेकडची नोंदणी तपासून घ्या. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून प्रामाणिक डॉक्टरला राग येत नाही. "त्वचारोगात रस आहे" आणि "त्वचारोगात पदव्युत्तर शिक्षण झालंय" या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत.

प्राण्याला घरी ठेवून एक चक्कर मारा

आधी फोन करून सांगा, की नवीन आहोत, दवाखाना बघायला येऊ का. हो-नाहीपेक्षा समोरचा माणूस कोणत्या सुरात बोलतो ते ऐका.

गेल्यावर प्रतीक्षागृहात दहा मिनिटं नुसतं बसा. जंतुनाशकाचा थोडा वास असणारच, कुजकट किंवा कोंदट वास मात्र नको. मांजरांना कुत्र्यांपासून दूर बसवायची सोय आहे का, की पिंजऱ्यातल्या मांजराच्या तोंडासमोर भुंकणारा कुत्रा उभा आहे? इंटरनॅशनल कॅट केअर ही संस्था 'कॅट फ्रेंडली क्लिनिक' नावाचा उपक्रम चालवते, त्यात अशा गोष्टी पाहिल्या जातात. तसं प्रमाणपत्र सगळीकडे सापडणार नाही. पण पिंजरा जमिनीऐवजी उंचावर ठेवायला एखादं फळकूट आणि झाकायला टॉवेल एवढं तरी कुठल्याही दवाखान्याला जमतं.

मदतनीसांकडे नीट बघा. घाबरलेल्या प्राण्याशी ते कसे वागतात? मांजराला मानगुटीला धरून उचलणं आता योग्य मानत नाहीत, टॉवेलात गुंडाळून धरलं की ते जास्त शांत राहतं. सर्वस्वी डॉक्टरवर भरवसा टाकून मदतनीसांकडे दुर्लक्ष करणं ही माझी जुनी चूक. शस्त्रक्रियेनंतर रात्रभर प्राण्याजवळ बहुतेक तेच असतात.

आतला भाग दाखवाल का, असं विचारा. शस्त्रक्रिया चालू असेल तर नाही म्हणतील, ते रास्तच आहे. एरवी दाखवायला हरकत नसावी. पाहायचं ते हे: पार्व्होसारख्या संसर्गजन्य आजाराच्या कुत्र्यांना वेगळी खोली आहे का, प्राणवायूची सोय आहे का, एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी तिथेच होते की बाहेर पाठवतात, आणि लसींचा फ्रिज वेगळा आहे का. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्या तरच कामाच्या. फ्रिजवर तापमापक आणि शेजारी रोजच्या नोंदींचा कागद दिसला, की त्या दवाखान्याची शिस्त कळते.

भुलेबद्दल कसून विचारा

नसबंदी असो, दात साफ करणं असो की गाठ काढणं, कधी ना कधी तुमच्या प्राण्याला भूल द्यावी लागणार. दोन डॉक्टरांमधला फरक सर्वांत जास्त इथे उघड होतो, म्हणून इथे संकोच करू नका.

भुलेआधी हृदय-फुप्फुसं तपासता का, रक्ताची तपासणी करता का? शिरेत सुई आधीपासून लावून ठेवता का? अचानक रक्तदाब पडला तर औषध द्यायला तीच वाट असते. श्वासनलिकेत नळी घालता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शस्त्रक्रिया चालू असताना ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू आणि शरीराचं तापमान यांवर कोण लक्ष ठेवतं? त्या कामासाठी वेगळा माणूस हवा, कापणाऱ्या डॉक्टरची नजर जखमेवर असते. छोट्या प्राण्यांचं अंग भुलेत झपाट्याने गार पडतं, त्यासाठी ऊब देण्याची काय सोय आहे? शेवटी विचारा, घरी सोडताना वेदनाशामक देता का. "जनावरांना एवढं दुखत नाही" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. दुखतं. ते फक्त लपवतात.

भूल न देता दात साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासूनही दूर राहा. वरून दात पांढरे दिसतात, पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जाग्या प्राण्याच्या हिरडीखाली हत्यार घालता येत नाही.

ससा असेल तर डॉक्टर पारखायला एक साधा प्रश्न पुरतो: "शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं?" कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, म्हणून त्याला उपाशी ठेवत नाहीत. "रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगणाऱ्याने ससे फारसे हाताळलेले नाहीत. तोंडाने दिलेलं पेनिसिलिन गटातलं औषध आणि पिसवा-गोचिडांवरचं फिप्रोनिल सशाला घातक ठरतं, हेही त्याला माहीत हवं. पक्ष्यांचं तर आणखी अवघड, त्यांचं आजारपण दिसू लागतं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं. पोपट, कासव, गिनीपिग पाळणाऱ्यांनी थोडं लांब जावं लागलं तरी त्या प्राण्यांची माहिती असलेलाच डॉक्टर धरावा.

पहिली भेट: हात कुठे कुठे फिरतो

मनात भरलेल्या दवाखान्यात नुसत्या तपासणीसाठी वेळ घ्या. आजार नसतानाची ही भेट म्हणजे तुमची खरी परीक्षा, त्यांचीही.

आमच्या कुत्रीला मी अशीच घेऊन गेले होते. ती टेबलावर चढायला तयार नव्हती, थरथरत होती. डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसले, तिच्याकडे पाठ करून. माझ्याशीच बोलत राहिले: काय खाते, पाणी किती पिते, झोप कशी. पाचेक मिनिटांनी ती स्वतःच जवळ जाऊन त्यांची बाही हुंगू लागली. मग त्यांनी एक हात तिच्या छातीखाली सरकवला आणि तिथूनच सुरुवात केली. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, बोटाने दाबून सोडल्या आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. कान, डोळे, जबड्याखालच्या आणि मांड्यांमागच्या गाठी, छातीला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप. पोट दोन्ही हातांनी हलकं दाबून पाहिलं. शेवटी मागचा डावा पाय वाकवताना ती जरा आक्रसली, तेव्हा ते थांबले. "इथे बघा," म्हणाले, "गुडघा." ती लंगडते हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

तपासणी म्हणजे ही. नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरायला हवा, वजन आणि ताप मोजून लिहून ठेवायला हवा. कुत्र्याचं सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, मांजराचं साधारण तेवढंच. माणसाच्या मापाने तो ताप वाटेल, म्हणून आपल्या प्राण्याचा नेहमीचा आकडा वहीत असू द्या. शरीराचा बांधा १ (अगदी रोड) ते ९ (फार लठ्ठ) अशा मापावर सांगतात, त्यात कुत्र्याला ४-५ आणि मांजराला ५ उत्तम. "तुमचा कुत्रा जाड आहे, कमी करावं लागेल," हे गोड न बोलता पण न दुखावता सांगणारा डॉक्टर मोलाचा आहे.

लसींबद्दल तो काय विचारतो ते ऐका. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देत शेवटचा १६ आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर देतात. फार लवकर "झाल्या सगळ्या लसी" म्हणणाऱ्याला याचं कारण विचारा. प्रौढ कुत्र्यांना डिस्टेंपर-पार्व्होची लस तीन वर्षांतून एकदाच, त्याहून वरचेवर नको, अशी वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशनची शिफारस आहे. लेप्टोस्पायरोसिसची मात्र दरवर्षी लागते आणि रेबीजची तिथल्या कायद्याप्रमाणे. तुमचा प्राणी बाहेर फिरतो का, इतरांमध्ये मिसळतो का, हे न विचारता सगळ्यांना एकच तक्ता लावला जात असेल तर तिथे विचार कमी आणि सवय जास्त आहे.

कुठे थांबायचं नाही

प्राण्याला हात न लावता दारातूनच इंजेक्शनची तयारी करणारा. काय टोचलं विचारल्यावर "ताकदीचं आहे" एवढंच सांगणारा. प्रत्येक खाजेला स्टेरॉइड आणि प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक देणारा. औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस हे लिहून न देणारा. जुने रिपोर्ट मागितले की टाळाटाळ करणारा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का म्हटलं की चिडणारा. यातली एक गोष्टही मला पुरेशी वाटते.

एका गोष्टीत मात्र लोक डॉक्टरांवर अन्याय करतात. "किती तपासण्या सांगतात, पैसे काढायचे धंदे," हे नेहमी कानावर येतं. कधी ते खरं असतं. पण माणूस "जेवल्यावर उजवीकडे दुखतं" असं सांगतो तेव्हा डॉक्टरच्या दोन तपासण्या वाचतात. प्राण्याच्या बाबतीत ते सांगणं रक्ताला आणि एक्स-रेला करावं लागतं. विचारायचं एवढंच, "या तपासणीतून काय कळेल, आणि ते कळल्यावर उपचार बदलेल का?" याचं सरळ उत्तर मिळालं तर तपासणी करा. पैशांची अडचण असेल तर आधीच मोकळेपणाने सांगा आणि अंदाजपत्रक लेखी मागा. चांगला डॉक्टर मग सगळ्यात जरुरीचं काय आणि थांबू शकेल असं काय, ते वेगळं करून देतो.

आपल्या बाजूचं काम

एक वही ठेवा: वजन, लसी, जंतांची औषधं, कशाची रिअॅक्शन आली ते. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते महिन्यातून एकदा मोजा, तीस सेकंद मोजून दुप्पट करा. कुत्रा आणि मांजर दोघांचाही आकडा मिनिटाला ३०च्या आत असतो. तो सतत वर राहू लागला तर हृदय-फुप्फुसांची तपासणी करून घ्या. लंगडणं, खोकला, झटका असं काही दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचल्यावर प्राणी हमखास नीट चालतो.

घरी काही औषध दिलं असेल तर लपवू नका, अगदी लाज वाटली तरी. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्या-मांजरांना घातक आहे. डॉक्टरला वेळेत कळलं तर काही करता येतं.

डॉक्टर बदलावासा वाटला तर भांडायची गरज नाही. नोंदी आणि रिपोर्ट मागून घ्या, नव्या ठिकाणी द्या. गावाला गेलात की त्यांचे फोटो जवळ असू द्या.

रात्रीचा कागद

दवाखाना ठरला की एक कागद करून दारामागे चिकटवा. त्यावर नेहमीच्या डॉक्टरचा नंबर, रात्री उघड्या असलेल्या दोन ठिकाणांचे नंबर आणि पत्ते, प्राण्याचं वजन, चालू औषधं. खाली लाल शाईने, कोणत्या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही: लघवीला जोर करूनही येत नाही, पोट फुगलंय, ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, झटके थांबत नाहीत, सशाने दिवसभर काही खाल्लं नाही, लेंड्या नाहीत, पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, मांजराने लिलीची पानं किंवा फुलं चावली.

मग एकदा रात्रीच, प्राण्याशिवाय, त्या ठिकाणापर्यंत जाऊन या. कुठलं फाटक रात्री बंद असतं, घंटा कुठे आहे, गाडी कुठे लावायची, ते बघून ठेवा. आम्ही गेलो तेव्हा कळलं, की समोरचं दार रात्री बंद असतं आणि आत जायची वाट मागच्या गल्लीतून आहे. ते कागदावर लिहिलं. दवाखान्यांच्या वेळा बदलतात, डॉक्टर सोडून जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी मी त्या दोन्ही नंबरांवर रात्री फोन लावून बघते.